सोसायटीतल्या मुलांसाठी कंदील, रिबनची फुलं आणि काचेच्या बरण्या: अडीच तासांत काय काय जमेल?

प्रश्न: हॉल_बुकिंग_माझ्याकडे

दिवाळीआधीच्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांची कार्यशाळा आहे. मुलं 20, वय 8 ते 12. वेळ दुपारी तीन ते साडेपाच. साडेपाचला हॉल रिकामा करून द्यायचा, त्यामुळे वस्तू तिथे रात्रभर वाळत ठेवता येणार नाहीत. कागदाचा छोटा कंदील, रिबनचं एक फूल आणि काचेची रंगवलेली बरणी अशा तीन गोष्टी डोक्यात आहेत. मदतीला चार मोठी माणसं. प्रश्न असे:

कंदिलाला कोणता कागद घ्यावा? कार्डशीट गोल करताना मोडते, पतंगी कागद लगेच फाटतो.
सध्या हवा इतकी दमट आहे की फेव्हिकॉल वाळतच नाही. दुसरं काय वापरावं?
ग्लास कलर एका बैठकीत होतात का?
सामान दादरला मिळेल की क्रॉफर्ड मार्केट गाठावं लागेल?

थर्माकोल नको आहे. 2018 च्या राज्याच्या बंदीत सजावटीचं थर्माकोलही आलं, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे तो सल्ला कुणी देणार नाही.

उत्तर 1: कातरकाम

ताई, कंदिलापुरतं सांगतो. कार्डशीट 250 जीएसएमची (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) घेतली की मोडणारच. मुलांच्या कंदिलाला 100 ते 120 जीएसएमचा रंगीत कागद पुरे. दुकानात ‘टिंटेड पेपर’ मागा. झेरॉक्सचा 70 जीएसएमचा कागद दमट हवेत दुसऱ्या दिवशी मान टाकतो.

माप: बाहेरचा कागद 21 बाय 29.7 सेंमी, म्हणजे ए-फोर. आतला पिवळा किंवा सोनेरी कागद 18 बाय 29 सेंमी. बाहेरच्या कागदाची लांबीत उभी घडी घाला, 10.5 सेंमी रुंदीची लांब पट्टी होईल. उघड्या कडेपासून 2 सेंमीवर पेन्सिलीने रेघ मारा. घडीच्या बाजूने त्या रेघेपर्यंत दर दीड सेंमीवर काप द्या. 18–19 काप बसतात. शेवटची पट्टी न कापता ठेवा, ती चिकटवायला लागते. मुलं काप उलट्या बाजूने, म्हणजे उघड्या कडेकडून, देतात आणि हातात सुट्या पट्ट्या येतात. घडीच्या कडेवर आधीच लाल पेनाने ठिपके करून दिलेत तर हा घोळ होत नाही.

आता 18 आणि 21 का? बाहेरच्या कागदाची वरची कड आतल्या कागदाच्या वरच्या कडेला आणि खालची खालच्या कडेला चिकटवली की 17 सेंमीच्या पट्टीला 14 सेंमीच जागा उरते. म्हणून ती बाहेर फुगते. आतला कागद 20 सेंमीचा घेतलात तर पट्ट्या सपाट राहतात आणि कंदील डब्यासारखा दिसतो. 15 चा घेतलात तर पट्ट्या मधल्या घडीवर टोकदार मोडतात.

दुसरी गोष्ट कागदाच्या धाग्याची, म्हणजे कागदातले तंतू ज्या दिशेने असतात त्या दिशेची. कागद हलकेच दोन्ही दिशांना वाकवून बघा. ज्या दिशेला सहज वाकतो, त्या वाकाच्या रेषेला समांतर धागा असतो. धागा कंदिलाच्या उंचीच्या दिशेने हवा, म्हणजे गोल करताना कागद मोडत नाही. तयार ए-फोरमध्ये धागा बहुधा लांबीच्या दिशेने असतो, आपल्याला नेमका उलटा हवा. म्हणून मोठा ताव आणून, धागा बघून दुकानातच कापून घ्या. मधली घडी मग धाग्याला आडवी येते. तिथे संपलेल्या बॉलपेनने पट्टी धरून एक रेघ दाबून घ्या आणि मग घडी घाला, कड फुटत नाही.

चिकटवायला 12 मिमीची डबल टेप घ्या, वाळायची भानगडच नाही. मात्र गोल केलेला कागद सतत उघडायला बघतो आणि बाल्कनीतल्या उन्हात टेपचा गोंद मऊ पडतो. जोडावर वर आणि खाली एकेक स्टेपल मारा.

उत्तर 2: गिरगावातला_खळवाला

वरच्या मापांबद्दल दुमत नाही. झिरमिळ्यांचं राहिलं. त्या कंदील गोल करायच्या आधी, आतला कागद टेबलावर सपाट असतानाच लावा. नंतर नळीत हात घालून लावताना निम्म्या वाकड्या जातात. पतंगी कागदाच्या 2 सेंमी रुंद, 40 सेंमी लांब 12 पट्ट्या. 29 सेंमीच्या कडेवर मध्ये साधारण 4 मिमी जागा सोडत गेलात की बरोबर बसतात, टेपसाठी एका टोकाला थोडी कड मोकळी ठेवा.

झिरमिळ्यांना फेव्हिकॉल नको. पतंगी कागदातून ते झिरपतं आणि दिवा लागला की प्रत्येक डाग दिसतो. खळ करा: 2 मोठे चमचे मैदा पाव वाटी थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, उकळत्या वाटीभर पाण्यात ओतायचा, मंद आचेवर दोन-तीन मिनिटं ढवळायचा. पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवा आणि गार झाल्यावर गाळा. मैदा थेट गरम पाण्यात टाकलात तर गुठळ्या होतात आणि त्या कागदाखाली खड्यासारख्या लागतात. बोटाने पातळ लावायची. फ्रिजमध्ये दोन दिवस टिकते, आंबूस वास आला की फेका.

जुन्या पद्धतीत कसर आणि झुरळं लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद घालत. ते विषारी आहे, मुलांच्या हातात अजिबात नको. एका दिवाळीच्या कंदिलाला त्याची गरजही नाही.

कामट्यांचा मोठा कंदील करायचा असेल तर त्यासाठी वेगळा प्रश्न टाका, अडीच तासांत बसणार नाही. माहीमच्या कंदील गल्लीत दिवाळीआधी एक फेरी मारली तर जोड कसे बांधतात ते उलगडून बघता येतं. दारावरच्या कोणत्याही कागदी कंदिलात जुना 60 वॉटचा पिवळा बल्ब लावू नका. 3 ते 5 वॉटचा एलईडी पुरतो, आणि तोही कागदाला टेकता कामा नये.

उत्तर 3: लेस_आणि_रिबन

रिबनचं फूल मुलांना जमतं, फक्त रिबन बरोबर आणा. एक इंची (25 मिमी) साटिन, दोन्ही बाजूंनी चमक असलेली. एका बाजूची घेतली तर घड्यांत दर दुसरी पाकळी मळकट दिसते. ऑर्गंडी किंवा जाळीची नको, ती हातातून उसळते.

एका गुलाबाला 60 सेंमी. वीस मुलांना 12 मीटर होतात, 15 आणा. रिबन मधोमध काटकोनात दुमडा. मग खालची पट्टी वरच्यावर, पुन्हा खालची वरच्यावर, अशी चौकोनी चळत रचत जा. 20 घड्या होतात आणि दोन्ही टोकांना 5 सेंमी उरतात. ती दोन टोकं चिमटीत घट्ट धरा, चळत सोडून द्या, ती स्प्रिंगसारखी उघडेल. आता दोन्हींपैकी एकच टोक हळूहळू ओढा. वरच्या घड्या आत वळत जातात आणि गुलाब दिसायला लागतो. मधला भाग खाली बुडायला लागला की थांबा. तिथे आणखी अर्धा इंच ओढला तर अख्खं फूल खालून निसटतं आणि पुन्हा पहिल्यापासून. लगेच तळाला त्याच रंगाच्या दोऱ्याने तीन टाके घाला, टोकं कापा. घट्ट घड्या घातल्या तर फूल बारीक आणि कडक होतं. सैल चांगल्या.

कापलेली टोकं विसविशीत सुटतात. मोठ्या माणसाने मेणबत्तीच्या ज्योतीच्या बुडाशी, निळसर भागाजवळून टोक एकदाच झरकन फिरवायचं. वरच्या पिवळ्या भागात धरलं तर काजळी चिकटते, फिक्या रंगावर ती जात नाही. साटिन बहुतेक पॉलिएस्टर असतं, ते वितळतं आणि वितळलेला थेंब बोटाला चिकटून भाजतो. हे काम मुलांना देऊ नका.

दादरला रानडे रोड आणि छबिलदासची गल्ली यांत मीटरवर रिबन मिळते, तुमच्या 15 मीटरसाठी तेवढं बस. भुलेश्वरला पूर्ण रोल घेतला तरच फायदा. कागदाला क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट, पण रविवारी नाही, घाऊक दुकानं बहुतेक बंद असतात.

उत्तर 4: काचरंग

ग्लास कलर एका बैठकीत होत नाहीत. आउटलाइनरची (नक्षीची कड काढायच्या जाड रंगाची) रेघ वाळायला कोरड्या हवेत चार-सहा तास, आपल्याकडे रात्रभर धरा. ओल्या रेघेत रंग भरला की तो रेघेखालून पलीकडच्या खणात जातो. रंग भरल्यावर काच रात्रभर आडवी ठेवावी लागते, उभी केली की सगळा रंग खालच्या रेघेशी गोळा होतो. गोल बरणीवर तर एका वेळी एकच बाजू, आणि ती टॉवेलच्या दोन गुंडाळ्यांत टेकवून. वीस मुलांना कठीण.

त्याऐवजी बरणीवर पतंगी कागद चिकटवा. जॅमच्या 250–300 मिलीच्या बरण्या. लेबल कोमट पाण्यात भिजवून काढा, उरलेल्या चिकट्याला खोबरेल तेल आणि खाण्याचा सोडा समभाग चोळून पंधरा मिनिटं ठेवा, मग भांड्यांच्या साबणाने दोनदा धुवा. तेलाचा एक बोटभर ठसा राहिला तरी तिथला कागद पापुद्र्यासारखा सुटतो. कार्यशाळेआधी स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घ्या आणि नंतर बरणी तोंडाला आणि बुडाला धरा.

कागद कात्रीने कापू नका, 3–4 सेंमीचे तुकडे हाताने फाडा. फाटलेली कड एकमेकांत मिसळते, कापलेली कड रेघ दाखवते. फेव्हिकॉल 2 भाग, पाणी 1 भाग. वीस बरण्यांना 200 मिली फेव्हिकॉल आणि 100 मिली पाणी. ब्रशने बरणीवर लावा, तुकडा ठेवा, वरून ब्रश टेकवत न्या. ओढायचा नाही, ओढला की कागद गोळा होतो. तुकडे 5 मिमी तरी एकमेकांवर यायला हवेत. तोंडाच्या आट्यांवर कागद नको.

पतंगी कागदाचा रंग कच्चा असतो. ओला कापूस टेकवून बघा, गडद गुलाबी आणि जांभळा हमखास सुटतो. पिवळ्याशेजारी जांभळा लावला तर मध्ये मातकट पट्टा येतो. पिवळा, केशरी, लाल असे शेजारचे रंग द्या.

फेव्हिकॉल दमट हवेतही वाळतं, जाड थर वाळत नाही. पातळ हात आणि पंखा असेल तर तासाभरात बरणी हातात धरण्याइतकी होते. पांढुरका राहिला म्हणजे आत ओल आहे. दुसऱ्या दिवशी पारदर्शक होतो, पण हवा ओली झाली की पुन्हा पांढरट पडू शकतो. हवं तर पालकांनी दुसऱ्या दिवशी घरी वॉर्निशचा एक पातळ हात द्यावा. बाहेरून ओल्या फडक्याने पुसायची नाही, आत खाण्याचा पदार्थ ठेवायचा नाही.

उत्तर 5: जुगाडू_जिमी

बरण्या कशाला? रिकाम्या बाटल्या कापून ग्लास करा की. सुतळी नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बुडवायची, बाटलीला गुंडाळून पेटवायची, मग गार पाण्यात. टक् करून तुटते.

उत्तर 6: काचरंग

जिमीभाऊ, आठ वर्षांच्या मुलांसमोर हे नको. बाटलीची काच सगळीकडे सारख्या जाडीची नसते, पेटलेला दोराही सगळीकडे सारखा तापत नाही. आधी काचकटरने पूर्ण गोल रेघ ओढली नसेल तर तडा वाट फुटेल तिकडे जातो आणि भाल्यासारखं टोक उरतं. त्यानंतरची कड पाण्यात बुडवून 120 पासून 400 नंबरपर्यंतच्या वॉटरपेपरने घासावी लागते. कोरडी घासली तर काचेची पूड श्वासात जाते. शिवाय बंद हॉलमध्ये रिमूव्हरची वाफ आणि पेटता दोरा! भंगारवाल्याकडून रुंद तोंडाच्या बरण्या आणा, काम झालं.

हॉल_बुकिंग_माझ्याकडे

ग्लास कलर रद्द, पतंगी कागद नक्की. क्रम काय ठेवू? आणि बरणीत मेणाचे दिवे द्यायचा विचार होता, चालतील का?

कातरकाम

बरणी सगळ्यात आधी, कारण तिलाच वाळायला वेळ हवा. तीन ते पावणेचार. नावाची चिठ्ठी बुडाला लावून बरण्या पंख्याखाली वर्तमानपत्रावर उलट्या ठेवा. पावणेचार ते सव्वाचार रिबन. पाच मुलांमागे एक मोठा माणूस बसतो, ज्योतीचं काम फक्त त्याचं. सव्वाचारनंतर कंदील, त्याला पाऊण तास पुरतो. आतल्या कागदाला झिरमिळ्या आदल्या रात्री तुम्हीच लावून ठेवा, म्हणजे मुलांच्या हातात खळ येतच नाही. उरलेला वेळ आवराआवरीला लागतो, वीस मुलांच्या कागदाच्या कपट्यांचा ढीग कमी नसतो. गुलाब शेवटी बरणीच्या गळ्याला दोऱ्याने बांधा, ओल्या कागदावर चिकटवू नका.

काचरंग

मेणाचे दिवे नकोत. सात सेंमी रुंद बरणीत ज्योत काचेच्या फार जवळ येते. एका बाजूने काच तापते, दुसरीकडे गार राहते आणि तडकते. बाहेर कागद आणि गोंद, म्हणजे जळायला सामान तयारच. बॅटरीचे एलईडी दिवे घ्या, तेच कंदिलातही चालतील. कंदिलाच्या तळाला कार्डशीटच्या 2 सेंमी रुंद दोन पट्ट्या अधिकच्या चिन्हासारख्या स्टेपल करा आणि दिवा त्यावर ठेवा. घेताना बघा: सेलच्या झाकणाला स्क्रू हवा. नुसतं सरकवायचं झाकण असलेला दिवा परत करा. आत सहसा बटणासारखा लिथियमचा सेल असतो. घरातल्या लहान भावंडाने तो गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. कार्यशाळेत सेल मुलांना बदलायला देऊ नका, आणि स्क्रू घट्ट आहे का ते वाटण्याआधी प्रत्येक दिव्याचं तपासा.