शेतात तुटलेल्या तारेने भाऊ गेला, आता स्टॅम्प पेपरवर सही मागताहेत. काय करावं?

उसाचा बांध

औसा तालुक्यातलं आमचं गाव. थोरला भाऊ, वय 38, रात्रीच्या लाईटला उसाला पाणी द्यायला गेला आणि सरीत पडलेल्या चालू तारेवर त्याचा पाय पडला. ती तार पावसाळ्यापासून लोंबत होती. ग्रामपंचायतीने सबस्टेशनला अर्ज दिलेला आहे, त्याची पोच ग्रामसेवकाकडे आहे. माझ्या मोबाईलमध्ये तारेचा आधीचा फोटोही आहे.

पोलिसांनी आकस्मिक मृत्यूची नोंद केली, पीएम झालं. घरात वहिनी, आई, सातवीतली पुतणी आणि तिसरीतला पुतण्या. आता वीज कंपनीचे साहेब घरी येऊन सांगतात की 4 लाखांचा चेक मिळेल, पण आधी वहिनींनी 500 रुपयांच्या स्टॅम्पवर लिहून द्यायचं: "आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही, पुढे काही मागणार नाही." भावकीतले म्हणतात, गेलेला माणूस येत नाही, सही करा आणि मोकळे व्हा.

मला मात्र एक गोष्ट झोपू देत नाही. त्यांच्या एका माणसाच्या जबाबात "मयताने स्वतः तार हातात धरली" असं आलंय. पीएममध्ये जखम पायाला आहे. माझा भाऊ स्वतःच्या चुकीने मेला असं कागदावर राहू द्यायचं नाही. कोर्टात जायला पैसा नाही. सही केली तर सगळं संपतं का?

निवृत्त तारतंत्री

दादा, खांबावर चढण्यात माझी नोकरी गेली, म्हणून सांगतो. तार तुटून जमिनीला लागली की पुरवठा बंद पडायला हवा. डीपीत, म्हणजे गावाच्या ट्रान्सफॉर्मरवर, फ्यूजची बारीक तार काढून जाड तार गुंडाळलेली असली तर तो बंद पडत नाही. कुणी बदलायच्या आत डीपीच्या पेटीचा फोटो काढा. त्या रात्रीची सबस्टेशनची लॉगशीट माहिती अधिकारात मागा. फीडर, म्हणजे सबस्टेशनहून गावाकडे येणारी लाईन, किती वाजता बंद झाला, की झालाच नाही, ते तिच्यात असतं.

विद्युत निरीक्षकाला विसरू नका. हे कंपनीचे नोकर नव्हेत, शासनाच्या ऊर्जा विभागाचे. विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 161 प्रमाणे माणूस किंवा जनावर दगावलं की त्यांना कळवावंच लागतं. कंपनीने कळवलं असेल या भरवशावर बसू नका, तुम्हीही फोटो आणि पोच जोडून लेखी अर्ज द्या. तार पायाखाली होती की हातात, यावर त्यांच्या अहवालाला वजन असतं.

जिल्हा न्यायालयातली एक वकील

सही अजिबात करू देऊ नका. मदत घेतल्याची साधी पावती द्या, आणि तिच्यावर "उर्वरित भरपाईचा हक्क राखून" असं वहिनींच्या हातचं लिहिलेलं असू द्या. निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम 106 (आधीचं 304-अ), घरच्यांच्या सहीने मिटत नाही. शिक्षा 5 वर्षांपर्यंत आहे. ठाण्यात एफआयआर घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा. तरी हललं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 175(3) खाली अर्ज करता येतो.

फौजदारी खटल्यातून घर चालत नाही, त्यासाठी दिवाणी दावा वेगळा. 1855 च्या फेटल ॲक्सिडेंट्स ॲक्टखाली पत्नी, मुलं आणि आई यांच्यासाठी भरपाई मागता येते. तुमच्यासाठी, म्हणजे मयताच्या भावासाठी, नाही, म्हणून दाव्यात वहिनी, मुलं आणि आई हवीत. मुदत मृत्यूपासून 2 वर्षं. फौजदारीचा निकाल लागू दे, मग बघू, म्हणणारी कितीतरी कुटुंबं इथेच हातचं गमावून बसतात, आणि ते पाहताना फार वाईट वाटतं.

"चूक तुमचीच", "वादळाने तुटली", "कुणीतरी आकडा टाकला होता" हे सगळं ऐकायला मिळेल. सर्वोच्च न्यायालयाने 11 जानेवारी 2002 रोजी मध्य प्रदेश विद्युत मंडळाच्या प्रकरणात हेच ऐकून नाकारलं. रात्री सायकलवरून परतणारा माणूस रस्त्यावरच्या चालू तारेने गेला होता. मंडळ म्हणालं, तार दुसऱ्याने चोरून जोडली. न्यायालय म्हणालं, इतकी धोकादायक वस्तू पुरवणाऱ्यावर जबाबदारी येतेच, निष्काळजीपणा सिद्ध होवो न होवो.

भरपाईची रक्कम कशी निघते ते समजून घ्या. तुमच्या भावाची स्वतःची मेहनत महिना 12,000 रुपयांची धरली (जमीन वारसांकडे राहते, म्हणून शेतीचं सगळं उत्पन्न धरत नाहीत), तर वर्षाला 1,44,000. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाला पुढच्या वाढीचे 40 टक्के मिळवून 2,01,600. अवलंबून चौघं, म्हणून स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, उरले 1,51,200. या वयाचा गुणक 15, म्हणजे ही रक्कम 15 पट. झाले 22,68,000. ही मोटार अपघाताची पद्धत, पण वीज अपघातातही न्यायालयं तिचा आधार घेतात. आता 4 लाखांची सही का मागतात ते कळेल.

पैशाची काळजी नको. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, कोर्ट फीसुद्धा. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. वीजपुरवठा कायम लोकअदालतीच्या कक्षेत आहे, मर्यादा 1 कोटी, पण तिथे कोर्टात जाण्याआधीच जावं लागतं, आणि गुन्ह्याचं कारण काढून समोरचे हरकत घेऊ शकतात. निरीक्षकाचा अहवाल स्पष्ट तुमच्या बाजूने आला तर छत्रपती संभाजीनगर खंडपीठात रिट याचिकेचाही विचार करू. तथ्यांवरच वाद असेल तर उच्च न्यायालय बहुधा दिवाणीकडे पाठवतं.

निफाडची ताई

माझे मालक असेच गेले. वकीलताईंनी सांगितलं त्यात भर एवढीच, की कमाईचे कागद गोळा करा. दूध डेअरीच्या पट्ट्या, कारखान्याची ऊसबिलं, पासबुक. शेतकऱ्याची कमाई कागदावर दिसत नाही आणि समोरचा वकील त्याचाच फायदा घेतो.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लगेच द्या, शॉकने मृत्यूला 2 लाख आहेत. भरपाईच्या दाव्याशी त्याचा संबंध नाही. आणि वहिनींना एकटीला कुठल्या ऑफिसात पाठवू नका. मला पाठवलं होतं, चार माणसं समोर बसून "सही कर बाई" म्हणत होती.

उसाचा बांध

सगळ्यांचे उपकार. वहिनींना हे वाचून दाखवलं. सही करणार नाही असं त्यांनी स्वतःच साहेबांना फोनवर सांगितलं. सोमवारी लातूरला प्राधिकरणात जातो. निरीक्षकांच्या अर्जाला ग्रामपंचायतीची पोच मूळ जोडायची का?

जिल्हा न्यायालयातली एक वकील

मूळ कुणालाच देऊ नका, पोलिसांनाही पंचनाम्याशिवाय नाही. सगळीकडे झेरॉक्स द्या आणि तुमच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. फोटो ज्या मोबाईलने काढला तो विकू किंवा रीसेट करू नका, पुराव्यात तोच लागेल. येताना पीएमची प्रत घेऊन या, पायाच्या जखमेपासूनच सुरुवात करू.