बांधावरची कुऱ्हाड आणि चौकातला कोयता : तपासात इतका फरक का?

प्रश्न
पुण्यात आमच्या इमारतीसमोर कोयत्याने हल्ला झाला, तेव्हा काही मिनिटांत पोलीस आले आणि संध्याकाळपर्यंत गुन्हे शाखेने चौकातील सीसीटीव्ही चित्रण ताब्यात घेतले. यंदा गावी बांधाच्या वादात एकाच्या खांद्यावर कुऱ्हाडीचा घाव बसला; ११२ वर फोन केल्यानंतर गाडी यायला तासाहून अधिक वेळ लागला. कायदा एकच असताना ही तफावत कशामुळे पडते?

उत्तर १ (निवृत्त पोलीस अधिकारी)
अंतर आणि अपुरे मनुष्यबळ ही कारणे आहेतच, पण अधिकारांतील फरक फारसा बोलला जात नाही. आयुक्तालयात कार्यकारी दंडाधिकाऱ्याचे अधिकार पोलिसांकडेच असल्यामुळे सराईत गुंडाच्या तडीपारीचा आदेश उपायुक्तांच्या सहीने निघतो. ग्रामीण भागात मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५६ खालील प्रस्ताव बहुधा प्रांताधिकाऱ्यांकडे जातो, आणि त्यांच्या टेबलावर महसुली अपिलांचा ढीग असतो. कदाचित त्याच बांधाचे अपीलही त्यात असेल.

उत्तर २ (फौजदारी वकील)
माझ्या मते खरा फरक साक्षीपुराव्यात आहे. शहरात आरोपी कोण हे शोधावे लागते. गावात ते तासाभरात सर्वांना ठाऊक होते, पण खटला उभा राहीपर्यंत भावकीतले पंच आणि साक्षीदार फितूर होतात. म्हणूनच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७६(३) गावासाठी अधिक मोलाचे आहे : सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे त्यात अपेक्षित आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तरी या तरतुदीसाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे.

उत्तर ३ (पोलीस पाटील)
१९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमानुसार गुन्ह्याची खबर देणे माझे कर्तव्य आहे, परंतु मी राहतोही त्याच गल्लीत, हे ठाण्यातील साहेबांना समजावणे अवघड जाते. २००७ च्या तंटामुक्त मोहिमेपासून ‘गावातच मिटवा’ हा आग्रह वाढला. प्रत्यक्षात घातक हत्याराने केलेली गंभीर दुखापत तडजोडीने मिटणाऱ्या गुन्ह्यांत मोडतच नाही, हे प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंना सांगावे लागते. मागच्या पावसाळ्यात पंचनाम्याला पोलीस येईपर्यंत रक्ताच्या डागांवर मी घरचे घमेले पालथे घालून ठेवले होते.