‘डेसिमेट’ : दहातला एक गेला की दहातले नऊ?

अनुवादिका (पुणे)

अकरा वर्षं इंग्रजी बातम्या मराठीत आणते आहे. परवा गिधाडांवरचा लेख हातात आला. पहिल्याच ओळीत, डायक्लोफेनॅकने भारतातली गिधाडं ‘डेसिमेट’ केली. शेजारच्या तरुण सहकाऱ्याने कोश उघडला आणि म्हणाला, “ताई, यात लॅटिनमधला दहा आहे. ‘एक दशांशाने घटवली’ असं लिहा.”

मी साफ नाही म्हटलं. गुरांना दिलेलं हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घसरली. जनावरांसाठी या औषधावर २००६ साली बंदी आली, तोवर आभाळ रिकामं झालं होतं. इथे ‘एक दशांश’ लिहिणं म्हणजे वाचकाला धडधडीत खोटं सांगणं.

शब्दाचं मूळ कळावं, पण अर्थ आजचा घ्यावा. तेल तिळाचं म्हणून तेल, तरी आपण शेंगदाण्याचं तेल म्हणतो. शाई मुळात काळी, तरी लाल शाईने पेपर तपासतो. ‘डेसिमेट’चा आजचा अर्थ आहे समूहातला मोठा हिस्सा नष्ट करणे. तुमचं मत?

इतिहासाचा मास्तर

ताई, गिधाडांबद्दल वाद नाही. पण तेल आणि शाईची तुलना मला पटत नाही. त्या शब्दांनी अर्थ रुंदावला. इथे अर्थ उलटा झालाय.

मूळ काय ते नीट बघा. रोमन पलटण रण सोडून पळाली की चिठ्ठ्या टाकत. साधारण दहातल्या एकाच्या नावाची चिठ्ठी निघे, आणि त्याला दांडक्यांनी ठेचून मारायचं काम त्याच्याच सोबत्यांचं. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस लिहितो, की वाचलेल्यांना गव्हाऐवजी जव मिळे आणि तळाच्या तटबंदीबाहेर झोपावं लागे. बंडखोर गुलामांचा म्होरक्या स्पार्टाकस याच्याशी लढताना रोमन सेनापती क्रॅससने ही विसरलेली शिक्षा पुन्हा काढली. पाचशे जण, दहा-दहांच्या पन्नास तुकड्या, प्रत्येक तुकडीतून एक.

म्हणजे नऊ जण जिवंत ठेवायचे, ते भीतीने सरळ व्हावेत म्हणून. सगळं उद्ध्वस्त झालं हे सांगायला इंग्रजीत ‘डिस्ट्रॉय’ आहे, ‘अनायलेट’ आहे, ‘वाइप आउट’ आहे. या एका गोष्टीसाठी हा एकच शब्द होता. तोही त्याच ढिगात टाकला. आपल्याकडे चौथाई म्हणजे चौथा हिस्सा आणि सरदेशमुखी म्हणजे दहावा. उद्या कुणी ‘चौथाई’ म्हणजे ‘भरपूर कर’ असं शिकवलं तर मी गप्प बसणार नाही.

अनुवादिका (पुणे)

सर, चौथाई वसूल करणं थांबलं म्हणून तो शब्द जागच्या जागी राहिला. ‘डेसिमेट’ रोज वापरात आहे. मोठ्या हानीचा अर्थ इंग्रजीत सतराव्या शतकापासून आहे. त्याविरुद्धची तक्रारच पुढे एकोणिसाव्या शतकात सुरू झाली. आणि आपण ‘पानिपत झालं’ म्हणतो तेव्हा कुणी १७६१ची आकडेवारी मागत नाही.

द्राक्षवाला (निफाड)

दोघांचंही वाचलं. माझं दुखणं वेगळं आहे.

गारपीट झाली तेव्हा आमच्या बागेची काढणी पंधरवड्यावर होती. रात्री बॅटरी घेऊन गेलो. घड तारेखाली लटकत होते तसेच, पण मणी तडकलेले, रस ठिबकतोय, आणि सरीत गारा पायाखाली करकरतायत. दुसऱ्या दिवशी पंचनामा. मदत मिळायला नुकसान ३३ टक्के तरी दिसायला हवं. २०१५ आधी ते ५० टक्के लागायचं. एकेक ओळ मोजून दाखवली.

त्याच संध्याकाळी एका इंग्रजी बातमीत आमच्या भागातल्या बागा ‘डेसिमेट’. परदेशातल्या धाकट्या भावाचा फोन. रडत होता. “दादा, काहीच राहिलं नाही का रे?” राहिलं होतं, निम्म्याहून जास्त. ज्याला नुकसान मोजून दाखवावं लागतं, त्याला असला मोघम शब्द परवडत नाही. अर्थ कुठलाही घ्या, पण शेजारी आकडा लिहा.

इंग्रजीची शिक्षिका (सातारा)

दादा, आकडा लिहाच, पण दुसऱ्या वाक्यात. ‘डेसिमेटेड बाय फिफ्टी पर्सेंट’ हे कानाला खटकतं, कारण दहा आणि पन्नास एकमेकांना धडकतात. ‘कम्प्लीटली डेसिमेटेड’ही टाळावं, सगळंच गेलं असेल तर हा शब्द नको.

माझ्या वर्गातली चूक आणखी निराळी. मुलं ‘कमी करणे’ एवढंच पाठ करतात आणि लिहितात, डॉक्टरांनी मीठ डेसिमेट करायला सांगितलं. मीठ, वजन, किंमत यांना ‘रिड्यूस’. वेळेआधी आवरतं घ्यायचं तर ‘कर्टेल’. ‘डेसिमेट’ला समूह लागतो : सैन्य, कळप, जंगल, गावची वस्ती. एकट्यादुकट्याला तो लागत नाही.

सिग्नलवाला

एक भर. आमच्या सिग्नल प्रोसेसिंगमध्ये आवाजासारखा सिग्नल ठरावीक अंतराने मोजतात, त्या प्रत्येक मोजणीला नमुना म्हणतात. ‘डेसिमेट बाय फोर’ म्हणजे चारातला एक नमुना ठेवायचा, तीन टाकायचे. दहाचा संबंध तिथेही उरलेला नाही, पण आकडा शब्दाला चिकटूनच येतो. निफाडच्या दादांना हवं तेच.

इतिहासाचा मास्तर

इंग्रजी वापर बदलला हे मी मान्य करतो, आवडलं नाही तरी. पण मराठीत काय लिहिणार? ‘नायनाट’ नको, गिधाडं अजून आहेत. ‘नामशेष’ही नको, नुसतं नाव उरलेलं नाही.

अनुवादिका (पुणे)

‘वाताहत’ लिहून पाहिलं, त्यात पांगापांग जास्त आहे आणि मरण कमी. ‘दाणादाण’ फौजेची होते. आत्ता छपाईला धाडलेलं वाक्य असं आहे : “डायक्लोफेनॅकने गिधाडांचे थवेच्या थवे संपवले, पांढऱ्या पाठीची गिधाडं तर पंधरा वर्षांत हजारामागे एखादंच उरलं.”

इतिहासाचा मास्तर

‘हजारामागे एक’ चालेल. त्यात मोजदाद आहे.