ऑस्ट्रेलियात वर्षभर हॉस्टेलात राहून शेतमजुरी करायला जावं का?

गोदाकाठची

घरात यावरून वाद पेटलाय, म्हणून इथे मांडते. ऑस्ट्रेलियाशी २०२२ साली व्यापार करार झाला, त्यात १८ ते ३० वयाच्या भारतीयांसाठी दरवर्षी १००० ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा ठरले. सप्टेंबर २०२४ पासून ते लागू झाले. सोडत निघते. पहिल्याच वेळी दोन आठवड्यांत ४० हजार अर्ज गेले होते. त्यात माझा नंबर लागला आणि द्राक्षाचा एक हंगाम मी व्हिक्टोरिया राज्यातल्या मिल्ड्युराला काढला.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्याचा नंबर लागेल त्याने जावं. सिडनीच्या कॅफेत नव्हे, शेतावर जावं आणि हॉस्टेलात राहावं.

चुलते म्हणतात, “आपल्या बागेत विरळणीला, घडातले जादा मणी कात्रीने काढायला, पेठ-सुरगाण्याची माणसं येतात, आणि तू विमानाचं तिकीट काढून तिकडे तेच करणार?” हो, तेच. तिकडेही थॉमसन जातीची द्राक्षं, तिकडेही फेब्रुवारी-मार्चात तोडणी. घड देठालाच धरायचा, मण्यांवरचा पांढुरका थर पुसला जाऊ द्यायचा नाही, हे मला घरीच माहीत होतं. पण दिवसभर वाकून ते करणं माहीत नव्हतं, कारण आमच्याकडे ते कायम दुसऱ्यांनी केलंय. तिकडे आमच्या शेतावर मालक आणि मजूर एकाच बाकावर बसून डबा खायचे.

हॉस्टेलचं म्हणाल तर आठ जणींची खोली, दोन शेगड्यांवर रांग. फ्रीजमधल्या पिशवीवर नाव आणि जायची तारीख लिहायची. तारीख उलटली की पिशवी बाहेर. जपान, फ्रान्स, अर्जेंटिनाच्या मुली. कोणी कोणाचं आवरत नाही. आपल्या घरांतून, विशेषतः मुलींना, हे कधी मिळतं? लग्नाआधी एक वर्ष स्वतःच्या कमाईवर, कोणाच्या नजरेखाली नसताना राहणं ही मला चैन वाटत नाही. ती गरज आहे.

तासगावकर

पूर्ण असहमत. कष्टाला कमीपणा नाही, पण हिशेब मांडा. खात्यात ५००० ऑस्ट्रेलियन डॉलर दाखवायचे, म्हणजे तीन लाखांच्या आसपास. वर व्हिसाची फी (पहिल्या वर्षी ६५० डॉलर होती), तिकीट, विमा. विमा लागतोच, कारण तिथली सरकारी आरोग्यसेवा, मेडिकेअर, आपल्याला लागू नाही. स्थानिकाला १८,२०० डॉलरपर्यंत आयकर नाही. या व्हिसावरच्या पोराच्या पगारातून पहिल्या डॉलरपासून १५ टक्के कापतात. मालक जी ‘सुपर’ची, म्हणजे आपल्या पीएफसारखी, रक्कम भरतो, ती देश सोडल्यावर मागितली तर ६५ टक्के कापली जाते. शेती सोडून इतर कामांत सहसा एका मालकाकडे सहा महिन्यांपेक्षा जास्त काम करता येत नाही, म्हणजे दुसरं धड काही शिकवायलाही कोणी धजावणार नाही.

ज्याच्या बापाने सोसायटीचं कर्ज काढलंय त्याने पंचविशीतलं वर्ष असं घालवू नये. त्याच पैशात इथे बेदाणा वाळवायचं रॅक उभं राहतं.

यारा

मेलबर्नला बरीच वर्षं आहे. पोरांनी जाण्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो ‘वर्किंग हॉस्टेल’ला, आणि धाग्यात त्याचा उल्लेखच नाही.

व्यवहार असा असतो. ज्या हॉस्टेलात तुम्ही झोपता तेच तुम्हाला काम लावून देतं. पहाटेची व्हॅन त्यांची, ठेकेदार त्यांच्या ओळखीचा, आठवड्याचे दोनशे-अडीचशे डॉलर भाडं त्यांच्या खिशात. पाऊस लागला, माल पिकला नाही, की काम बंद; भाडं चालूच. दोन आठवड्यांत पोरगं हॉस्टेलचं देणं लागतं. मग कमी मजुरीबद्दल तोंड उघडलं तर काम जातं आणि त्याच संध्याकाळी पलंगही जातो. गाव छोटं, दुसरी सोय नाही.

त्यात दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर ग्रामीण भागात तीन महिने ठरावीक कामं करावी लागतात, आणि त्याचा पुरावा म्हणजे मालकाने दिलेली पगारपत्रकं. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याच्याच हातात तुमचं पुढचं वर्ष. ब्रिटिश पासपोर्टवाल्यांची जुलै २०२४ पासून या अटीतून सुटका झाली, कारण त्यांच्या सरकारने व्यापार करारात ती मागून घेतली. आपल्या सरकारने का मागू नये?

आणि चिल्डर्स विसरू नका. क्वीन्सलँडमधलं छोटं गाव, तिथलं पॅलेस बॅकपॅकर्स हॉस्टेल, २३ जून २०००. एकाने आग लावली आणि १५ जण गेले. बरेचसे शेतात तोडणीला आलेले. धोक्याची घंटा बंद होती. एका खोलीत खिडकीला गज आणि दाराला बंक बेड आडवा. त्यानंतर कायदे कडक झाले, तरी मी कोणालाही सांगतो: खोलीत शिरल्यावर आधी बाहेर पडायची दुसरी वाट बघा, मग पलंग.

गोदाकाठची

यारा, मुद्दा शंभर टक्के खरा. म्हणूनच मी काम थेट शेताकडून घेतलं आणि हॉस्टेल वेगळं ठेवलं. पण कायदा नाही असं नाही. पूर्वी फळतोडणीला नुसत्या वजनावर पैसे द्यायचे आणि तासाचा हिशेब लावला तर हातात काहीच यायचं नाही. तिथल्या कामगार संघटनेने दाद मागितली आणि एप्रिल २०२२ पासून वजनावर काम असलं तरी तासाच्या किमान मजुरीखाली जाता येत नाही. जुलै २०२५ मध्ये देशातला तासाचा किमान दर २४.९५ डॉलर झाला, कॅज्युअल म्हणजे कायम नसलेल्या कामगाराला त्यावर २५ टक्के जादा. हे माहीत असलेल्या पोराला लुबाडणं अवघड जातं.

तासगावकर दादा, कर्ज काढून जाऊच नये, यात वाद नाही. पण बेदाण्याचं रॅक आणि माणसाचं वर्ष एकाच तागडीत कसं घालता?

तासगावकर

ज्याच्या घरात दोन्हीपैकी एकच परवडतं, त्याला घालावंच लागतं.

सुरगाण्याचा

मी त्या विरळणीच्या टोळीतला आहे. दिंडोरी-निफाडच्या बागांत आईवडिलांबरोबर हंगाम काढलेत, आता बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. ताई, तुमच्या आठ जणींच्या खोलीचं वाचलं. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहायचो, लहान पोरांसकट, आणि तो अनुभव घ्यायला आम्ही गेलो नव्हतो.

या व्हिसाला लागणारं शिक्षण माझं होईल. इंग्रजीची परीक्षाही देईन, आयईएलटीएसला साडेचार लागतात. कात्री तर तुमच्यापेक्षा चांगली चालते. पण ५००० डॉलर कुठून दाखवू? म्हणजे मजुरी येणारा इथेच राहतो आणि मजुरी करून बघायची आहे तो जातो. मला हिंडायला जायचं नाही, कमवायला जायचंय. पॅसिफिक बेटांवरच्या आणि तिमोर-लेस्तेच्या मजुरांसाठी ऑस्ट्रेलियाची वेगळी योजना आहे, तिच्यात भारत नाही. करार करणाऱ्यांनी आमच्यासाठी ती मागायला हवी होती. जावं की नाही हा वाद ज्यांना जाता येतं त्यांचा आहे.

गोदाकाठची

दादा, तुमची मागणी बरोबर आहे आणि ती मी कुठेही मांडेन. घरी वाद नेमका याच्यावरच चाललाय. मिल्ड्युराला दर आठवड्याला पगारपत्रक मिळायचं: तास किती, दर किती, कपात कशाची. आमच्याकडे तो हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. त्या वहीची एक प्रत प्रत्येक मजुराला द्या, असं मी बाबांना म्हणतेय. ते अजून तयार नाहीत. चुलते तर म्हणतात, हेच शिकून आलीस का? हो, हेच शिकून आले, आणि म्हणूनच म्हणते की बागाईतदारांच्या पोरांनी जावंच.

एक आई

मुलीचा नंबर लागलाय. बुंडाबर्गच्या एका हॉस्टेलने कामाची हमी देतो म्हणून चार आठवड्यांचं भाडं आगाऊ मागितलंय. भरावं का? तिचे वडील म्हणतात भरून टाका, निदान डोक्यावर छप्पर राहील.

यारा

ताई, भरू नका. आधी त्यांच्याकडून शेताचं नाव आणि एबीएन घ्या, म्हणजे व्यवसायाचा नोंदणी क्रमांक. तो सरकारी साइटवर फुकट तपासता येतो. मग मुलीने स्वतः शेतावर फोन करावा: किती आठवड्यांचं काम, तासावर की वजनावर, पगारपत्रक कोण देणार. पहिला आठवडा साध्या हॉस्टेलात किंवा कॅरॅव्हॅन पार्कात काढावा. पासपोर्ट कोणाकडेही ठेवायला देऊ नये. मजुरीची अडचण आली तर फेअर वर्कचा, म्हणजे तिथल्या सरकारी कामगार यंत्रणेचा, नंबर १३ १३ ९४, दुभाष्या मागता येतो. आणि हॉस्टेलवाला शेताचं नाव सांगायला टाळाटाळ करत असेल तर त्याचा नाद सोडून दुसरं गाव बघायला सांगा.