होमर हेराला गाय-डोळ्यांची काहून म्हणते?

सीताबर्डीकर: होमरचं इलियड, म्हणजे जुनं ग्रीक महाकाव्य, वाचून राहिलो. हेरा म्हणजे देवांची राणी, अन् तिला घडीघडी 'बोओपिस', म्हणजे गाय-बैलाच्या डोळ्यांची म्हटलंय. ही तारीफ आहे का टोमणा? आपल्याकडे बाईला असं म्हणून पाहा, मार बसंल.

महालवाला: तारीफच आहे भाऊ. बूस म्हणजे गाय-बैल, ओप्स म्हणजे डोळा किंवा चेहरा. पोळ्याला बैलाचे डोळे जवळून पाहा, मोठे, काळे, शांत. आपण मृगनयनी म्हणतो, मीनाक्षी म्हणतो, मग गाईनंच काय घोडं मारलं? बाकी तो बूस अन् आपला संस्कृत 'गो' एकाच मुळातले.

धरमपेठ कट्टा: दुसरी बाजू पण आहे ना. श्लीमान नावाच्या जर्मन उत्खननकारानं १९व्या शतकात ग्रीसमधल्या मायसीनी या जुन्या शहराच्या जागी खोदलं, तिथं गाईच्या मूर्ती निघाल्या, तर तो म्हणे हेरा मुळात गाय-तोंडाचीच देवी होती. पण मला नाही पटत, कारण इलियडच्या तिसऱ्या सर्गात हेलनच्या दासीला, क्लिमेनीला, हेच विशेषण लागलंय, ती कुठली देवी?

महालवाला: बरोबर. अन् होमरचा अभ्यासक मिल्मन पॅरीनं १९२८ मध्ये दाखवलं की अशी विशेषणं वृत्तात बसायला तयार ठेवलेली असत, 'बोओपिस पोत्निया हेरे' (गाय-डोळ्यांची राणी हेरा) म्हटलं की ओळीचा शेवट आपोआप जमते. इलियडचा नायक अकिलीस नुसता बसून असला तरी 'चपळ पायांचा'च.

सीताबर्डीकर: म्हणजे गीतेत अर्जुन कधी पार्थ, कधी कौंतेय, तसंच काहीतरी?

धरमपेठ कट्टा: बरंचसं, पण तिथं कधीकधी प्रसंग पाहूनही नाव निवडलेलं वाटते.