ओहायोतला मृत्युदंड रद्द व्हावा म्हणून आमदारांना कसं लिहावं?

अनघा_कोलंबस: मृत्युदंड रद्द करण्याचं विधेयक इथे पुन्हा पुन्हा येतं आणि अडकतं. ग्रीन कार्डवाल्यांनी आमदाराला लिहिलं तर चालतं का? कुणाला लिहायचं, काय लिहायचं?

धागेदोरे: खुशाल लिहा. मत देता येत नसलं तरी मतदारसंघातल्या रहिवाशाला आपलं म्हणणं मांडायचा हक्क आहे. घरचा पत्ता आणि झिप कोड मात्र वरच घाला, नाहीतर बाहेरचं पत्र समजून ते बाजूला पडतं.

राज्य विधिमंडळातल्या सगळ्या १३२ आमदारांना एकच ईमेल पाठवू नका. तुमचे आमदार दोनच, हाउस या कनिष्ठ सभागृहातला एक आणि सिनेट या वरिष्ठ सभागृहातला एक. तिसरं पत्र विधेयक ज्या समितीकडे आहे तिच्या अध्यक्षांना, आणि माझ्या मते तेच सगळ्यांत महत्त्वाचं. विधेयक मरतं ते समितीतच. सुनावण्या होतात, मतदान लावलं जात नाही, आणि सम वर्षाच्या डिसेंबरअखेर विधिमंडळाची दोन वर्षांची मुदत संपली की सगळं बाद. मग नवा क्रमांक, पुन्हा पहिली सुनावणी. म्हणून नुसतं ‘मृत्युदंड रद्द करा’ लिहू नका. क्रमांक देऊन ‘हे विधेयक समितीत मतदानाला घ्या’ अशी मागणी करा. एक पान पुरे.

रेवा_दे: मुद्दा एकच घ्या, पण ओहायोतला घ्या. रिकी जॅक्सन यांना १९७५ मध्ये मृत्युदंड सुनावला गेला तो १२ वर्षांच्या मुलाच्या साक्षीवर. ती साक्ष खोटी होती, असं त्या मुलाने मोठेपणी सांगितलं आणि २०१४ मध्ये जॅक्सन सुटले. तोवर ३९ वर्षं गेली होती. पुढे शिक्षा जन्मठेपेवर आली नसती तर सोडायला माणूसच उरला नसता.

पर्यायही त्याच पत्रात लिहा: पॅरोलविना जन्मठेप ओहायोच्या कायद्यात आधीपासून आहे. तो न लिहिल्यास ‘मग खुनी मोकळे सोडायचे का?’ हेच उत्तर येतं. आमदार रिपब्लिकन असेल तर खर्चाचा मुद्दा आधी घ्या. जुलै २०१८ नंतर इथे मृत्युदंडाची एकही अंमलबजावणी नाही, इंजेक्शनची औषधंच मिळत नाहीत. तरी खटले आणि अपिलं चालूच आहेत.

अनघा_कोलंबस: समितीपुढे बोलायचं झालं तर?

धागेदोरे: पहिली सुनावणी विधेयक मांडणाऱ्यांची, दुसरी सहसा समर्थकांची, मग विरोधकांची. तुमची दुसरी. लेखी निवेदन अध्यक्षांच्या कार्यालयाकडे सहसा २४ तास आधी द्यावं लागतं. नुसतं लेखी दिलं तरी नोंद होते. निवेदन आधी घरी मोठ्याने वाचून किती वेळ लागतो ते बघा. तीन मिनिटांच्या वर जात असेल तर कापा.

प्रभाकर_ना: आकडे ध्यानात असू द्या. हाउसमध्ये ९९ पैकी ५० मतं, सिनेटमध्ये ३३ पैकी १७. गव्हर्नरांनी नकाराधिकार वापरला तर ६० आणि २०. शिवाय नेब्रास्का विसरू नका. २०१५ मध्ये तिथल्या विधिमंडळाने नकाराधिकार मोडून मृत्युदंड रद्द केला, विरोधकांनी सह्या गोळा केल्या आणि २०१६ च्या सार्वमतात तो परत आला. ओहायोतही नव्या कायद्याविरुद्ध ९० दिवसांत सह्या गोळा करता येतात. तेव्हा आमदारांबरोबर शेजाऱ्यांशीही आत्तापासूनच बोलायला लागा.