एआय खोलात शिकायचंय, गेट देऊन एमटेक करू की आधी नोकरी? (गणितात अडकतेय)

सावली_डोंबिवली
नमस्कार मंडळी, मी मुंबई युनिव्हर्सिटीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. मशीन लर्निंग विषय होता आम्हाला पण तो पास होण्यापुरता, प्रोजेक्टला सगळ्यांनीच तयार मॉडेल उचललं, आपला डेटा टाकला आणि रिपोर्ट छापला. मला आता हे आतून कसं चालतं ते शिकायचंय. म्हणून २०१७ चा ट्रान्सफॉर्मरचा (आजच्या चॅटबॉटांमागचं मॉडेल) मूळ पेपर वाचायला घेतला तर अटेन्शनच्या फॉर्म्युल्यात डीकेच्या (व्हेक्टरमध्ये किती आकडे ते) वर्गमूळाने का भागलंय तिथेच गाडी अडली, जो तो म्हणतो स्केलिंगसाठी, पण का ते कोणी धड सांगत नाही. प्लेसमेंटमधून एक नोकरी हातात आहे, घरी म्हणतात आलेली लक्ष्मी परत पाठवू नकोस. गेट (एमटेकची प्रवेश परीक्षा) द्यायची तर सीएसचा म्हणजे कॉम्प्युटर सायन्सचा पेपर द्यावा की डीएचा, म्हणजे डेटा सायन्स आणि एआयचा? आणि जेमतेम गणितवाल्या मुलीने यात पडावं का? घरी साधा लॅपटॉप आहे, जीपीयू (मॉडेल ट्रेन करायला लागणारं ग्राफिक्स कार्ड) वगैरे काही नाही.

पवईकर_जुना
सावली, आधी तुझं वर्गमूळ सोडवू. क्वेरी आणि की हे दोन व्हेक्टर, समज प्रत्येकात ६४ आकडे (हाच डीके), सगळे स्वतंत्र, सरासरी ० आणि व्हेरियन्स १. डॉट प्रॉडक्ट म्हणजे ६४ गुणाकारांची बेरीज, प्रत्येकाचा व्हेरियन्स १ म्हणून बेरजेचा ६४, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन ८. आता दोन स्कोअर घे, ८ आणि ०. सॉफ्टमॅक्स (स्कोअरचे बेरीज १ होईल असे वाटे पाडणारं सूत्र) पहिल्याला ०.९९९७ देतो, दुसऱ्याला काहीच उरत नाही, आणि अशा टोकाला ग्रेडियंट (मॉडेलने कुठे किती बदलायचं ते सांगणारा उतार) जवळजवळ शून्य होतो मग मॉडेल शिकणार कशावरून? तेच स्कोअर ८ ने भाग, १ आणि ० येतात, सॉफ्टमॅक्स ०.७३ आणि ०.२७ देतो, म्हणजे शिकायला वाव राहिला. ६४ चं वर्गमूळ ८, झालं. यात एम-फोरच्या (इंजिनिअरिंगच्या चौथ्या सेमचं गणित) प्रोबॅबिलिटीपलीकडचं काहीही नाहीये, तेव्हा गणित जमत नाही हे डोक्यातून काढून टाक, तुला ते कधी वापरायलाच दिलं नाही एवढंच.

गेटचं म्हणशील तर डीए पेपर २०२४ पासून सुरू झालाय, त्यात प्रोबॅबिलिटी, लिनिअर अल्जेब्रा, कॅल्क्युलस, प्रोग्रामिंग, डेटाबेस, एमएल आणि एआय. सीएसमध्ये ओएस, नेटवर्क, कंपायलर सगळं येतं पण दारं जास्त उघडतात. दोन पेपर द्यायचीही सोय आहे, कोणती जोडी चालते ते ब्रोशरमध्ये बघून घे. तुझी आवड बघता मी डीएवर जोर दिला असता.

मीनल_ठाणे
मी थोडं वेगळं सांगते. गेटचा स्कोअर ३ वर्षं चालतो, मग परीक्षा दे, नोकरीही घे, घरचेही निवांत होतील आणि चार पैसे हाताशी असले की एमटेकला महिना १२,४०० च्या स्टायपेंडवर राहणं अवघड जात नाही. घरची परिस्थिती काय आहे ते आपणच बघायचं असतं ना.

पवईकर_जुना
मीनलताई, स्कोअरचं बरोबर आहे, पण डोंबिवलीहून जाऊन-येऊन नोकरी म्हणजे रोजचे तीन-चार तास लोकलमध्येच जातात, घरी आल्यावर सिद्धता सोडवायला डोकं शिल्लक राहत नाही. माझ्या बरोबरीची हुशार मुलं पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत राहून गेली, फार वाईट वाटतं. शक्य असेल तर थेट जा असंच मी म्हणेन.

मीनल_ठाणे
शक्य असेल तर, हेच तर म्हणतेय मी. ते तिच्या घरी बसून ठरेल, इथे नाही.

माटुंगा_मास्तर
नोकरीचं तुम्ही बघा, मी शिकवतो म्हणून अभ्यासाचं बोलतो. सावली, जीपीयूपायी थांबू नकोस. २०१२ साली ज्या अ‍ॅलेक्सनेटने इमेजनेट ही चित्रं ओळखण्याची स्पर्धा गाजवली तो ३ जीबीच्या दोन गेमिंग कार्डांवर ट्रेन केला होता, त्याहून मोठं कार्ड आज गुगलच्या कोलॅबवर, ब्राउझरमधूनच, फुकट मिळतं. आणि पहिले काही महिने तुला तेही लागणार नाही. एमनिस्ट घे, २८ बाय २८ ची हाताने लिहिलेल्या आकड्यांची ६०,००० चित्रं, आणि नुसत्या नमपायमध्ये (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) दोन लेयरचं नेटवर्क लिही, बॅकप्रॉप म्हणजे चूक मागे नेत ग्रेडियंट काढणं, त्यासकट, पायटॉर्चसारख्या तयार लायब्ररीला हात न लावता. मग एकेक वेट (नेटवर्क जो आकडा शिकतं तो) किंचित हलवून लॉस (मॉडेल किती चुकलं त्याचं माप) किती बदलतो ते मोज आणि तू काढलेल्या ग्रेडियंटशी ताडून बघ, जुळलं की चेन रूल तुझा झाला. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे केल्याशिवाय प्रोजेक्टचा विषय देत नाही.

लिनिअर अल्जेब्रासाठी एमआयटीच्या गिल्बर्ट स्ट्रँग सरांची लेक्चर्स, डीप लर्निंगसाठी एनपीटेल या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आयआयटी मद्रासच्या मितेश खापरांचा कोर्स, दोन्ही फुकट आहेत, दोन्हीतले प्रश्न वहीत सोडव, नुसती बघू नकोस. भाषेकडे ओढा असेल तर पवईलाच आयआयटीत भारतीय भाषांवरचं जुनं केंद्र आहे, मराठी शब्दबंध म्हणजे शब्दांचे अर्थसंबंध मांडणारं वर्डनेट तिथलंच, आपल्या भाषेत करण्यासारखं अजून खूप आहे आणि मराठी मुलांनी ते करावं असं मला मनापासून वाटतं.

सावली_डोंबिवली
सर, दादा, मीनलताई, खूप आभार. ८ आणि ० वालं मी वहीत करून बघितलं, आत्ता कळलं. एमनिस्ट रविवारी सुरू करते. सर, वेट किती हलवायचं?

माटुंगा_मास्तर
०.००००१ च्या आसपास, दोन्ही बाजूंनी हलवून फरकाला दुप्पट पावलाने भाग, आणि फ्लोट६४ वापर. नाही जुळलं तर कोड इथे टाक.